सरकारी दवाखान्याला हाडांच्या इम्प्लांटसाठी पैसे द्यायचेत, कसे द्यावेत?

खटावचा_गडी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. आमच्या दहावीच्या बॅचचं दरवर्षी गेट-टुगेदर होतं, हॉल, जेवण, डीजे, टी-शर्ट, चांगला खर्च होतो. यंदा ठरलं की डीजे बंद आणि ते पैसे, वर अजून थोडी वर्गणी, तालुक्याच्या सरकारी दवाखान्याला द्यायची. कारण असं की आमच्यातल्याच एकाची आई न्हाणीत घसरली, खुबा मोडला. उपजिल्हा रुग्णालय आहे, हाडाचे डॉक्टर आहेत आणि खरंच चांगले आहेत, भूलवाले डॉक्टर ठरलेल्या वारी येतात, ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं सी-आर्म मशीनसुद्धा आहे. सगळं आहे, फक्त आत टाकायचा रॉड नाही! योजनेत बसतंय म्हणाले पण सप्लायरची जुनी बिलं थकलीत, तो नवीन माल देईना. म्हातारी पायाला वजन लावून पडून राहिली, शेवटी उचलून खाजगीत नेली आणि सव्वा लाख मोजले.

तर आमच्याकडं दोन लाख चाळीस हजार जमलेत. पैसे कुणाच्या नावानं द्यायचे, का वस्तूच घेऊन द्यायची? इम्प्लांटचं दुकान बिकान असतं का? आणि आपण दिलेलं पेशंटच्या अंगात गेलं का कुणाच्या खिशात, हे कळणार कसं? माहितगारांनी लिहा. राजकारण नको ही विनंती.

फुकट_सल्लागार

राजकारण नको म्हणजे काय, हे सगळं राजकारणच आहे की. टॅक्स भरतो, पेट्रोलवर भरतो, आणि रॉडसुद्धा आम्हीच आणायचा? तुम्ही एकदा दिलेत की पुढच्या वेळी साहेब म्हणणार "बॅचवाल्यांना सांगा". असल्या दानानं सरकारला फावतं. माझं मत, एक रुपया देऊ नका, मोर्चा काढा.

रेवा_कुडाळ

सल्लागार, मोर्चा काढा पण तोपर्यंत ज्यांचा खुबा मोडलाय त्यांनी काय करायचं ते पण सांगा. वयस्कर माणसाचं खुब्याचं ऑपरेशन एक-दोन दिवसांत झालं पाहिजे असं सगळे डॉक्टर सांगतात, पडून राहिलं की न्यूमोनिया, बेडसोर, पायात गुठळी. माझ्या आत्याचं असंच झालं, असो.

हाडवैद्य

खटावकर, बॅचला सलाम, डीजे बंद केल्याबद्दल दुप्पट. मी सरकारी नोकरीतच हाडं जोडतो, कुठं ते विचारू नका.

पहिली गोष्ट, पैसा अजिबातच नाही असं नसतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना (आधीची राजीव गांधी जीवनदायी, २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ ला राज्यभर, २०१७ ला नाव बदललं) हिच्यात फ्रॅक्चरच्या ऑपरेशनचं पॅकेज असतं आणि त्यातच इम्प्लांट धरलेलं असतं. म्हणजे चिठ्ठी लिहून बाहेरून रॉड आणायला लावणं हे मुळात नियमातच बसत नाही. आता तर रेशनकार्डाचा रंग कुठला का असेना, राज्यातलं प्रत्येक कुटुंब योजनेत आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत, २०२३ ला निर्णय झाला आणि २०२४ पासून लागू आहे.

मग अडतं कुठं? पैसे येतात ते ऑपरेशन झाल्यावर. आधी मंजुरी, मग ऑपरेशन, मग एक्स-रे आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचं स्टिकर आणि डिस्चार्जचे कागद अपलोड, मग तिकडून शंका येणार, त्याला उत्तर, मग कधीतरी रुग्णालयाच्या खात्यात जमा. जमा झाल्यावर पण ते लगेच खर्चता येत नाहीत, दरपत्रकं, खरेदी समिती, सही करणारे साहेब मीटिंगला. आणि इम्प्लांट मात्र ऑपरेशनच्या सकाळी निर्जंतुक होऊन टेबलावर लागतं. मधला काळ कोण भागवतो? सप्लायर. तो अख्खा सेट उधारीवर आणून ठेवतो, जेवढं वापरलं तेवढ्याचं बिल लावतो. सहा-आठ महिने बिल निघालं नाही की तो सेट उचलून नेतो, त्याचं पण चुकत नाही, त्याला कंपनीला पैसे भरायचे असतात. त्या दिवसापासून ओटी (ऑपरेशन थिएटर) चालू आणि हाडांची ऑपरेशनं बंद.

तेव्हा माझं म्हणणं एकच, तुमचे पैसे "दान" म्हणून एकदाच संपवू नका. दोन लाखांचे रॉड घेऊन दिलेत तर दोन-तीन महिन्यांत संपतील आणि परत येरे माझ्या मागल्या. त्याचा फिरता साठा करा. साठ्यातून रॉड वापरला, ऑपरेशन झालं, क्लेम आला की त्या क्लेममधून पहिल्यांदा तोच रॉड परत आणून ठेवायचा. तुम्ही फक्त मधला काळ विकत घेताय असं समजा.

फुकट_सल्लागार

आणि क्लेम आला नाही तर?

हाडवैद्य

काही क्लेम नाकारले जाणारच, कागद अपुरा, आधार जुळत नाही, परराज्यातला मजूर आहे आणि इथलं रेशनकार्ड नाही. म्हणून साठा हळूहळू झिजणार हे धरूनच चालायचं आणि वर्षाला थोडी भर घालायची. पण पूर्ण बुडणं वेगळं आणि झिजणं वेगळं.

भांडारपाल_निवृत्त

डॉक्टरसाहेब बरोबर बोलले, मी दुसरी बाजू सांगतो. जिल्हा रुग्णालयात भांडार सांभाळलं मी, आता घरी नातवंडं सांभाळतो.

लोक प्रेमानं वस्तू देतात. एका मंडळानं आम्हाला खोकं भरून स्क्रू आणि प्लेटा दिल्या, पेपरात फोटो आला. उघडून बघतो तर निम्म्या प्लेटा एका कंपनीच्या, स्क्रू दुसऱ्याच, लॉकिंगच्या प्लेटीचे आटे त्या स्क्रूला लागेनात. स्क्रू-ड्रायव्हर नाही. लांबी बघाल तर सगळे मोठे स्क्रू, मनगटाला लागणारा बारका एक नाही. खोकं कपाटात गेलं आणि मी निवृत्त होईपर्यंत कपाटातच होतं. ऑडिटला दरवर्षी मोजून दाखवायचो.

म्हणून काही द्यायचं तर आधी लेखी मागणी घ्या. हाडाच्या डॉक्टरांची सही, वैद्यकीय अधीक्षकांचा जावक नंबर. दिलं की हत्यारं डेड स्टॉक रजिस्टरला आणि स्क्रू-प्लेटा-रॉड स्टॉक बुकला चढले का ते पान बघूनच घरी जा. रजिस्टरला नसलेली वस्तू सरकारी दवाखान्यात नसतेच, ती कधी गेली हे पण कुणी सांगू शकत नाही.

पैसे द्यायचे तर रुग्ण कल्याण समितीच्या खात्यावर, चेकनं. ही समिती राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून म्हणजे २००५ नंतर सगळीकडं झाली, देणगी घेता येते, कार्यकारी समितीत ठराव करून खर्च करता येतो. तुमच्या पत्रात "फक्त अस्थिरोग इम्प्लांटच्या फिरत्या साठ्यासाठी" असं लिहा, नुसतं "रुग्णसेवेसाठी" लिहिलंत तर त्यातून वॉटर कूलर येईल, आणि ते बेकायदेशीर पण नसेल. ८०जी (आयकर सवलतीची) पावती हवी असेल तर आधीच विचारा, सगळ्या समित्यांकडं ती नोंदणी नसते.

ओटी_सिस्टर

काका लाख बोललात. मला पण लिहायचंच होतं.

सगळे "रॉड" "रॉड" करतात, पण एका रॉडनं ऑपरेशन होत नाही. मांडीच्या हाडाचा नेल (रॉडलाच नेल म्हणतात) घ्या, जाडी ९, १०, ११, १२ मिमी, प्रत्येक जाडीत सात-आठ लांब्या, वर डावा-उजवा. आत घालताना कुठला बसेल ते तिथंच कळतं, म्हणून सगळे साइज टेबलावर पाहिजेत. मग जिग, म्हणजे नेलच्या भोकात स्क्रू नेमका बसवायची चौकट, ती ज्या कंपनीचा नेल त्याच कंपनीची लागते. ३.५ च्या स्क्रूला २.५ चं ड्रिल, ४.५ च्या स्क्रूला ३.२ चं. ड्रिल बिट बोथट झालं की हाड जळतं, डॉक्टर ओरडतात आमच्यावर. ड्रिल बिट कुणी दान देत नाही कारण त्याचा फोटो चांगला येत नाही.

मी_माझा_पुणेकर

गुडघ्याचे इम्प्लांट सरकारनं स्वस्त केलेत ना? मग एवढा खर्च कशाला? ५४ हजारांत बसतो असं वाचलंय.

हाडवैद्य

पुणेकर, ते वेगळं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं गुडघाबदलाच्या इम्प्लांटना कमाल किंमत लावली, कोबाल्ट-क्रोमियमवाल्याला ५४,७२०, टायटॅनियमच्या प्रकाराला ७६,६००, कर वेगळा. त्याआधी फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटला लावली होती, औषधवाला स्टेंट २९,६००, जो आधी बिलात लाख-सव्वा लाखाला दिसायचा. स्टेंटचं श्रेय दिल्लीतल्या एका वकिलाच्या जनहित याचिकेला जातं, मोर्चावाल्या सल्लागारांनी नोंद घ्यावी, कोर्टानं पण कामं होतात.

पण फ्रॅक्चरच्या प्लेटा, स्क्रू, नेल यांना तशी कमाल किंमत नाही. छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही एवढंच बंधन, आणि मुळात छापील किंमतच आभाळाला टेकलेली असेल तर दहा टक्के काय नि वीस काय. भारतीय बनावटीचा स्टीलचा मांडीचा नेल रुग्णालयाला काही हजारांत मिळतो आणि तोच खाजगीत पेशंटच्या बिलावर कितीतरी पटीनं दिसतो. म्हणून सांगतो, छापील किंमत बघून घासाघीस करू नका, जिल्ह्याच्या दरकरारातला दर विचारा.

आणि टायटॅनियमचा हट्ट नको. ३१६एल स्टील बहुतेक फ्रॅक्चरना पुरतं. फक्त स्टीलची प्लेट आणि टायटॅनियमचे स्क्रू अशी खिचडी करू नये.

नागपुरी_तडका

आमच्याकडं तर उलटंच होऊन राहिलं भाऊ. क्लेमचे पैसे खात्यात पडून आहेत आणि पेशंटले सांगते की बाहेरून आणा. मी माहिती अधिकारात विचारलं होतं, किती क्लेम जमा झाले, त्यातले इम्प्लांटवर किती खर्चले, किती शिल्लक. उत्तर यायला अपील करावं लागलं पण आलं. आकडे इथं टाकत नाही, दवाखाना ओळखू येईल. पण शिल्लक पाहून आम्ही सारे चाट पडलो ना. साहेब म्हणते खर्च केला तर ऑडिट लागते, नाही केला तर काहीच लागत नाही. आता बोला!

म्हणून खटावच्या भाऊनं पैसे द्यायच्या आधी हे तीन आकडे मागावे. चांगला अधीक्षक असला तर अर्ज न करता पण सांगते.

फुकट_सल्लागार

बघा, मी हेच म्हणत होतो. पैसे आहेत आणि तुम्ही अजून देताय.

रेवा_कुडाळ

नाही सल्लागार, तुम्ही म्हणत होतात एक रुपया देऊ नका. नागपूरकर म्हणताहेत आधी विचारा मग द्या. फरक आहे.

शिकागोचा_बाप्या

छान धागा. इथं माझी बायको हॉस्पिटलमध्ये आहे, इकडं उघडलेला पण न वापरलेला, डेट संपत आलेला खूप माल टाकून देतात. काढलेले नेल पण असतात, धुऊन चकाचक. बॅगेत घालून आणले तर चालतील का? शिवाय इथल्या मंडळातून पाच-सहा जण डॉलरमध्ये द्यायला तयार आहेत.

हाडवैद्य

बाप्या, भावना पोचली, पण काढलेलं इम्प्लांट परत कुणाच्याही अंगात जात नाही, वापरानं धातूला डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा जातात. आणि २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं कायद्यानं "औषध" धरली जातात, इम्प्लांट तर त्याच्या कितीतरी आधीपासून, आयातीला परवाना लागतो. बॅगेत आणलेला नेल मी वापरला आणि उद्या मोडला तर मी कुणाकडं बोट दाखवू?

सीए_काकू

डॉलरबद्दल मी सांगते, कारण इथं सगळे गडबडतात. ज्यांच्याकडं अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गानं पाठवलेली देणगी विदेशी देणगी धरत नाहीत. पण जे अमेरिकन नागरिक झालेत, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) असलं तरी, त्यांचा पैसा विदेशी धरला जातो, आणि तो घ्यायला संस्थेकडं एफसीआरए (विदेशी देणगी कायद्याची) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत ठरलेलं खातं पाहिजे. तालुक्याच्या समितीकडं हे नसणार. भावाच्या खात्यात पाठवून भावानं द्यायचं, असले शॉर्टकट इथं कुणी सुचवू नयेत, आधीच सांगते.

आणि बॅचनं सगळे पैसे एकाच्या वैयक्तिक खात्यात गोळा केलेत का? केले असतील तर निदान यादी नीट ठेवा, नाहीतर पुढं त्यालाच नोटीस.

खटावचा_गडी

काकू, माझ्याच खात्यात आहेत 😅 यादी आहे, वहीत.

शिकागोचा_बाप्या

धन्यवाद काकू. म्हणजे मी देऊ शकतो, बायको नाही. घरात सांगायची सोय नाही हे.

दारेसलामकर

मी पेशानं हाडाचाच डॉक्टर, काही वर्षं टांझानियात आहे. हाडवैद्यांनी फिरता साठा म्हटलं त्याचा सगळ्यात चांगला नमुना मी इकडं बघितला म्हणून लिहितोय, थोडं लांब होईल.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात रिचलँड नावाच्या गावी साइन म्हणून संस्था आहे, डॉ. लुईस झर्कल यांनी १९९९ ला काढली. ते तरुणपणी व्हिएतनाम युद्धात लष्करी सर्जन होते. त्यांच्या लक्षात आलं की गरीब देशातल्या सर्जनना शिकवायला सगळे येतात, पण शिकवून गेल्यावर हातात नेल नसतो आणि सी-आर्म तर नसतोच. म्हणून त्यांनी असा भरीव नेल केला की खालचे आडवे स्क्रू सी-आर्मशिवाय, हातानं चाचपत, जिगच्या आणि एका छोट्या हत्याराच्या मदतीनं घालता येतात. मांडी आणि नडगी दोन्हीला तोच नेल. दार-ए-सलामच्या मुहिम्बिली ऑर्थोपेडिक इन्स्टिट्यूटमध्ये तो कित्येक वर्षं वापरात आहे.

पण मला भावली ती त्यांची पुरवठ्याची रीत. सुरुवातीला हत्यारांचा पूर्ण सेट आणि नेलचा साठा देतात. मग प्रत्येक ऑपरेशनचा एक्स-रे सर्जननं त्यांच्या डेटाबेसवर चढवायचा, पेशंट फेरतपासणीला आला की त्याचा पण. जेवढे नेल नोंदले तेवढे नवीन येतात, फुकट. नोंद नाही तर नेल नाही. म्हणजे चोरीची भीती, हिशेब, आणि ऑपरेशन धड झालं का हे तिन्ही एकाच एक्स-रेनं सुटतं. झर्कल स्वतः त्या एक्स-रेंवर सर्जनना शेरे लिहून पाठवायचे.

तुमच्या तालुक्याला साइनची गरज नाही, सी-आर्म आहे आणि भारतीय नेल स्वस्त आहेत. पण रीत उचला. एक ऑपरेशन, एक एक्स-रे, एक स्टिकर, मग एक नग भरायचा.

खटावचा_गडी

दारेसलामकर साहेब हे लय भारी सांगितलंत. "खिशात गेलं का अंगात" याचं उत्तर मिळालं. पण पेशंटचा एक्स-रे आम्ही बघणं बरोबर आहे का?

दारेसलामकर

नाव झाकून, फक्त केस नंबर आणि तारीख. तेवढं पुरे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही, ते तर अजिबातच नाही.

मदुरैचा_जावई

डोळ्यांच्या बाबतीत हे भारतात आधी होऊन गेलंय. मोतीबिंदूत बसवायची लेन्स हे पण इम्प्लांटच. एकेकाळी बाहेरून यायची आणि शंभर डॉलरच्या वर पडायची, गरिबाला जाड भिंगाचा चष्मा. १९९२ ला मदुरैच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं ऑरोलॅब काढली आणि तीच लेन्स दहाएक डॉलरपर्यंत खाली आणली, पुढं अजून स्वस्त झाली. आज शिबिरात फुकट लेन्स बसते त्यात याचा मोठा वाटा आहे. हाडांच्या बाबतीत असं कुणी का केलं नाही?

हाडवैद्य

प्रश्न चांगलाय. लेन्स एक, पॉवर वेगवेगळी, हत्यारं थोडी. फ्रॅक्चर मात्र दर पेशंटला वेगळं. स्वस्त भारतीय नेल बनतातच, तो अडसर नाही, अडतं ते सगळे साइज कायम हजर ठेवण्यात. सिस्टरनी वर लिहिलंय तेच.

समाजसेवा_विभाग

मुंबईत पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात काम करते. आमच्याकडं पुअर बॉक्स चॅरिटी फंड असतो, दात्यांनी दिलेले पैसे त्यात, आणि ज्याला योजना लागत नाही किंवा पॅकेजमध्ये बसत नाही अशा पेशंटला त्यातून इम्प्लांट. पेशंटच्या हातात रोख जात नाही. डॉक्टर केसपेपरवर काय लागतं ते लिहितात, आम्ही घरची परिस्थिती विचारतो, कोटेशन येतं, पैसे थेट पुरवठादाराला. शिवाय आमच्या फोनमध्ये ट्रस्टांची यादी असते, सिद्धिविनायक ट्रस्ट, मुख्यमंत्री सहायता निधी, असं थोडं थोडं जोडत गोधडी शिवतो आम्ही रोज.

खटावकरांना एक सांगते, तुमच्या साठ्याला "योजना लागत असेल तर आधी योजना" ही अट घालाच. नाहीतर आरोग्यमित्राचा (दवाखान्यात योजनेचे कागद बघणारा माणूस) त्रास नको म्हणून सगळे तुमच्याच साठ्यावर हात मारतील, क्लेम टाकायचाच राहील. आणि उलट, परराज्यातला मजूर, कागद नसलेली बाई, बेवारस आणलेला माणूस, यांच्यासाठी एक छोटा वाटा कायम बाजूला ठेवा, ज्याचा क्लेम येणारच नाही. त्यांनाच सगळ्यात जास्त दिवस वजन लावून पडलेलं बघितलंय मी.

रस्ता अपघात असेल तर केंद्राची कॅशलेस योजना पण बघा, मे २०२५ ला अधिसूचना निघाली, अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत. पोलिसांची नोंद लागते.

सीएसआर_वाला

थोडं आमच्या बाजूनं. मोठा सेट, बॅटरीचा ड्रिल, ऑटोक्लेव्ह (निर्जंतुक करायचं यंत्र) असं काही असेल तर कंपनीकडं मागा. कायद्यानं मोठ्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के द्यायचेच असतात आणि आरोग्य त्यात पहिल्याच कलमात आहे. पण खरं सांगतो, आमच्या साहेबांना स्क्रू द्यायला आवडत नाही, मशीन द्यायला आवडतं, त्यावर लोगो लागतो. तेव्हा मशीन आमच्याकडून घ्या आणि स्क्रू तुमच्या पैशांतून. जवळचा साखर कारखाना सहकारी असेल तर त्याला हा कंपनी कायदा लागत नाही, तिथं चेअरमनला भेटणं हाच कायदा.

ओटी_सिस्टर

लोगोवाला ड्रिल चालेल, पण सोबत दुसरी बॅटरी द्या हो. 🙏

इम्प्लांट_डीलर

इथं सगळे आम्हाला शिव्या घालतात म्हणून लिहितो. रात्री दोनला फोन येतो, सेट घेऊन गाडी काढतो, पहाटे ऑटोक्लेव्हला पोचवतो. बिल कधी मिळणार माहीत नाही. रोख पैसे समोर दिसले तर दर खाली येतो, हे मी स्वतः सांगतो. उधारीच्या दरात आमचं व्याज धरलेलं असतं. खटावकर, तुमचे पैसे समितीच्या खात्यात आहेत आणि पंधरा दिवसांत बिल निघेल एवढं लेखी दाखवलंत तर कुठलाही डीलर जिग आणि हत्यारं फुकट वापरायला ठेवेल, तुम्हाला ती विकत घ्यायची पण गरज नाही.

भांडारपाल_निवृत्त

हे मात्र जपून. फुकट जिग म्हणजे पुढं कायम त्याच कंपनीचे नेल. ठेवू दे, पण मुदत लिहून घ्या, आणि दोन डीलरांकडून दर घ्या.

इम्प्लांट_डीलर

काकांना फसवणं अवघड आहे 😄

रेवा_कुडाळ

एक राहिलं. स्टिकर पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर पण चिकटवायला सांगा. डीप्यू कंपनीचा तो खुब्याचा कृत्रिम सांधा २०१० ला जगभरातून परत बोलावला, भारतात साधारण ४,७०० जणांना बसवलेला, आणि त्यातल्या हजारोंचा नंतर पत्ताच लागला नाही. आपल्या अंगात कुठल्या कंपनीचं काय आहे हे माणसाला माहीत पाहिजे.

खटावचा_गडी

अपडेट. अधीक्षकांना आणि हाडाच्या डॉक्टरांना भेटून आलो, सोबत आमच्या बॅचचा एक वकील आणि एक शाळामास्तर. नागपूरच्या भाऊंनी सांगितलेले तीन आकडे विचारले. अधीक्षक आधी जरा चिडले, मग फाइल मागवली. क्लेमचे पैसे आहेत, थोडे नाहीत, पण मागची बिलं भरायला ठराव लागतो आणि समितीची बैठकच झाली नव्हती. आम्ही म्हणालो आमचा चेक बैठकीतच देतो, त्यानिमित्तानं बैठक लावा. लावली! जुन्या बिलांचा ठराव त्याच बैठकीत झाला, म्हणजे आमचे पैसे वापरायच्या आधीच अर्धं काम झालं म्हणायचं.

एक पानाचं पत्र केलंय. योजना आधी. क्लेम जमा झाला की महिन्याच्या आत तोच नग परत. तीस हजार बिनकागदवाल्यांसाठी वेगळे. वहीत रकाने: तारीख, केस नंबर, काय वापरलं, स्टिकर, क्लेम नंबर, भरलं का. तीन महिन्यांनी मास्तर वही बघायला जाणार. डॉक्टरांनी यादी दिलीय, मांडी आणि नडगीचे नेल, खुब्याचे पीएफएन (नेल) आणि डीएचएस (स्क्रू-प्लेट), मनगटाच्या प्लेटा, के-वायर (हाडात घालायच्या बारीक तारा). सल्लागारसाहेब, मोर्चा लागलाच तर तुम्हाला बोलावतो.

फुकट_सल्लागार

बोलवा, येतो. वर्गणी पण पाठवतो, खाते नंबर मात्र समितीचाच द्या, तुमचा नको.

हाडवैद्य

यादी ठीक आहे. दोन बदल. पहिल्यांदाच सगळे साइज घेऊ नका, मागच्या दोन वर्षांचं ओटी रजिस्टर काढून कुठले नेल जास्त लागले ते बघा, मधले साइज दुप्पट आणि टोकाचे एकेक. आणि वयस्करांच्या खुब्याच्या सगळ्याच फ्रॅक्चरला नेल चालत नाही, काहींना अर्धा सांधा बदलावा लागतो, त्याचे साइज दोन-दोन मिमीच्या फरकानं असतात, ते विकत न घेता डीलरकडून वापरेल तसं बिल यावर ठेवा.

ओटी_सिस्टर

आणि के-वायरची पाकिटं जास्त घ्या, स्वस्त आहेत आणि लहान पोरांच्या कोपराला रोज लागतात. ड्रिल बिट २.५ आणि ३.२ चे निदान सहा-सहा. स्क्रूला रॅक असलेला ट्रे घ्या, साइज लिहिलेला, सुटे स्क्रू वाटीत देऊ नका, ऑपरेशन चालू असताना पट्टीनं मोजत बसावं लागतं.